ओल मोजणारी डबी

दुकानात माझ्यामागे मला सगळे 'वाफ' म्हणतात. मला माहीत आहे. इस्त्रीवाली तर तोंडावरसुद्धा म्हणते. म्हणू देत. कपडे धुण्याचं, डाग काढण्याचं, इस्त्रीचं दुकान आहे आमचं, तिथं थंड डोक्याचं माणूस आठवडाभर टिकायचं नाही. दुकान बाबांनी उभं केलं, आता मी चालवते. पुढे काउंटर, मागे यंत्रं, त्यामागे इस्त्रीची खोली आणि तिला लागून बाबांची खोली. माझं लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. तेव्हा घर म्हणा, संसार म्हणा, जे काय आहे ते हेच, आणि माणूस म्हणाल तर एक बाबा.

तर हे बाबा न्हाणीघरात पडले. मोडलं काही नाही, पण तपासण्या झाल्या आणि हृदयाचे ठोके चुकतात असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. "ही चुकवायची नाही," त्या म्हणाल्या. "चुकली आणि गुठळी झाली तर ती मेंदूत जाते. मग अर्धं अंग जातं, नाहीतर माणूस जातो." बाबांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली. डॉक्टरांपुढे आमचे बाबा फार गुणी असतात.

माझा दादा दुसऱ्या देशात असतो. त्याला सगळ्यावर यंत्र सुचतं. त्यानं एक डबी पाठवली, पांढरी, साबणाच्या वडीएवढी. भिंतीला चिकटवायची. मग ती खोलीतलं सगळं ऐकते, पडणं, खोकणं, रडणं, बोलणं, आणि संध्याकाळी आमच्या दोघांच्या फोनवर अहवाल धाडते.

"बाबांना काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, भिंतीतली ओल मोजते."

खोटं सुचायला दादाला कधी वेळ लागला नाही. आणि हे खोटं नेमकं बसलं होतं. धुलाईच्या दुकानामागची खोली, ओल असायचीच. बाबांनी चष्मा लावून डबी उलटसुलट पाहिली. "किती आहे म्हणते ओल?" म्हणाले. मी म्हटलं, "कळेल हळूहळू," आणि चटकन काउंटरवर आले. आत काहीतरी टोचत होतं, पण गिऱ्हाईक उभं होतं.

टोचायचं कारण सांगते. आमच्या दुकानाची एक रीत आहे, बाबांनी घालून दिलेली. कपडा घेताना खिसे तपासायचे ते गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत, काउंटरवर. निघेल ते त्याच्या हातात द्यायचं. नजरेतून सुटलं आणि मागे धुताना सापडलं, तर तसंच पाकिटात घालायचं, उलगडायचं नाही, वाचायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. एकदा इस्त्रीवालीनं कुणाच्या तरी कोटातली चिठ्ठी मोठ्यानं वाचली होती. तेव्हा मी तिला असं फैलावर घेतलं की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि आता तीच मी रोज संध्याकाळी, त्याच इस्त्रीच्या टेबलाला टेकून, बापाचं बोलणं फोनवर वाचत होते.

सुरुवातीला गंमतच होती. डबीला अक्कल बेताची. बाबा रेडिओवरच्या बातम्यांशी भांडले की ती लिहायची, 'खोलीत दोन व्यक्ती. वाद.' शिंकले की, 'पडल्याची शक्यता.' मी धावत जायचे, तर बाबा आपले नाक पुसत बसलेले. "काय गं, धापा टाकतेस?" "काही नाही, चहा हवाय का विचारायला आले." चहा हा माझा बहाणा झाला. बाबा दिवसातून चारदा चहा प्यायला लागले.

मग एका संध्याकाळी अहवालात घड्याळवाले काका आले. हे बाबांचे जुने मित्र. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आता मुलाकडे आहे, ते दुपारी फोन करतात. काकांचं बोलणं डबीला नीट कळलेलं नव्हतं, बाबांचं शब्दन् शब्द उतरलं होतं.

'गोळी? ती रोज बेसिनात सोडतो. पाणी सोडलं की गिरकी घेते आणि जाते. अरे, हसतोस काय? मी विचार करून ठरवलंय. पोरगी माझ्यापायी अडकलीय रे. मी गेलो तर दुकान विकेल, कुठेतरी जाईल, जगेल तरी. नाहीतर मी असाच शंभरीपर्यंत लोळत पडायचो आणि ती वाफेत म्हातारी व्हायची.'

हातात कुणाची तरी रेशमी ओढणी होती, ती खाली पडली.

इस्त्रीवाली घरी गेली होती. मी वाफेचं यंत्र चालू केलं, आवाजात आवाज मिसळावा म्हणून, आणि दादाला फोन लावला. काय बोलले ते सगळं आठवत नाही. रडले, ओरडले. "अडकलेय असं कोणी सांगितलं यांना? मी कधी म्हटलं? हे गेले तर मी सकाळी शटर कोणासाठी उघडू रे? तुला तिकडे बायको आहे, पोरं आहेत. माझं कोण आहे?" दादा म्हणाला, "हे बघ, डबी नसती तर आपल्याला कळलंच नसतं."

खरंच होतं ते, आणि म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"कळलं, मग आता पुढे काय करू? जाऊन सांगू, बाबा, गोळ्या का फेकता? ते विचारतील, तुला कसं कळलं? मग काय, डबी ऐकते म्हणून सांगू?"

"नको, डबीचं नको सांगूस. ते ती फोडतील. मग पुन्हा पडले तर?"

"मग?"

"तू हुशार आहेस. काहीतरी कर."

मी काहीतरी केलं. आधी सरळ मार्गानं गेले. सकाळी गोळी हातात दिली आणि समोर उभी राहिले. बाबांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि बेसिनाकडे चूळ भरायला गेले. तिथं मागे कशी जाणार? मग डॉक्टरीणबाईंकडून फोन करवला. बाबा त्यांना म्हणाले, "अगदी वेळेवर घेतो हो." मग अर्धांगवायू झालेल्या एका गिऱ्हाईकाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. बाबा हळहळले. "बिचारा," म्हणाले, आणि पेपर उघडला. मला तिथं किंचाळावंसं वाटत होतं. 'गोळ्या का फेकता?' एवढं एक वाक्य जिभेवर होतं, पण ते बोलायचं तर आधी मी काय करतेय ते कबूल करावं लागणार होतं. रोज उठले की पहिला विचार, आज गुठळी झाली तर? काउंटरवर कपडे चुकीच्या गठ्ठ्यात जायला लागले. एका नवरदेवाचा कोट मी भलत्याच्या घरी पाठवला.

शेवटी मी औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्यांची आणखी एक पट्टी आणली. डाग काढायच्या पावडरी कुटायचा छोटा खल आहे आमच्याकडे, तो घासूनपुसून घेतला आणि गोळीची पूड करून सकाळच्या चहात घातली. बाबांना चहात साखर भरपूर लागते, चव कळली नाही. कप रिकामा झाला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी इस्त्रीवालीला पगार वाढवून दिला. ती म्हणाली, "वाफ, बरी आहेस ना?"

सांगते ते नीट ऐका. मला त्या क्षणी लाज वाटली नाही. वाटलं, वाचवते आहे मी. बापाला फसवतेय, पण वाचवते आहे.

पण बाबा गप्प व्हायला लागले. घड्याळवाल्या काकांचा फोन आला की 'हो', 'नाही', 'बघू', एवढंच. रेडिओशी भांडण बंद. मला समोरासमोर काही वेगळं दिसत नव्हतं. उलट माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायचे. "दमलीस का गं? बस जरा." पण डबी रोज लिहायची, 'दिवस शांत. संभाषण अत्यल्प.' दादा घाबरला. "हे चांगलं लक्षण नाही, माणूस आत आत जायला लागला की असंच होतं. गोळी चालू ठेव हां चहातून." ठेवली. एकही दिवस चुकवला नाही.

मग एक दिवस बाबांच्या उशीचा अभ्रा दाराच्या मागे वाळत घातलेला दिसला. बाबांनी स्वतः धुतलेला. मी तो उजेडात धरला. कडेला तपकिरी वर्तुळ. रक्ताचा डाग, आणि गरम पाण्यानं धुतलेला, म्हणून पक्का बसलेला. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, हे मला ज्या माणसानं सातव्या-आठव्या वर्षी शिकवलं, त्यानंच ते लावलं होतं. म्हणजे घाईत धुतला होता, लपवायला.

आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? आत जाऊन विचारेल, बाबा, हे रक्त कसलं? मी काय केलं? फोन काढला. डबीत पाहिलं. 'दिवस शांत.' खोकला नाही, कण्हणं नाही, पडणं नाही. म्हटलं, दाढी करताना लागलं असेल, आणि अभ्रा परत टांगला. आजही तो टांगतानाचा माझा हात मला दिसतो आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

दोन-तीन दिवसांत, सकाळचा चहा झाल्यावर, आतून बाबांची हाक आली. साधीच होती, नेहमीसारखी. गेले तर बाबा बेसिनावर वाकलेले, नाकातून रक्ताची धार, थांबायचं नाव नाही. सदरा लाल, हात लाल. "जरा टॉवेल दे गं," म्हणाले, जणू चहा सांडलाय. बाह्या वर सरकल्या होत्या, दंडांवर काळेनिळे डाग होते. लांब बाह्यांचा सदरा घालून तेही लपवले होते त्यांनी.

इस्त्रीवालीनं बाहेर धावत जाऊन एक गाडी थांबवली. रस्ताभर मी त्यांचं नाक दाबून धरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नाकात बोळे घातले, रक्त तपासायला घेतलं, कागद हातात आला तसा त्यांचा चेहरा बदलला. "आजोबा, रक्त पातळ करायची गोळी रोज किती घेता?"

"एक," बाबा म्हणाले. बोळ्यांमुळे आवाज गेंगाणा येत होता. "सकाळी."

"नक्की? विसरून दुसरी घेतली असेल. आठवा. मला खरं कळायला हवं, त्यावर पुढचं औषध ठरणार आहे. डोक्यात रक्तस्राव झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"एकच हो. देवाशप्पथ."

मी बाबांकडे पाहिलं. आधी कळेचना. हे खोटं बोलतायत का? नेहमीसारखे गुणी होऊन? पण त्यांच्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं, भीती होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. ते घेत होते. ते खरंच घेत होते. एक ते घेत होते आणि एक मी घालत होते.

गप्प बसता आलं असतं? आलं असतं. म्हातारपणी विसरले म्हणून खपलं असतं.

"दोन," मी म्हणाले. "दुसरी मी देत होते. चहातून. यांना माहीत नव्हतं."

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नर्सला हाक मारली आणि भराभर काहीतरी सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे पाहत होते. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो चादरीखाली घेतला.

बाबा वाचले. चार दिवसांनी घरी आले, अशक्त, पण धड. त्याच दुपारी दादानं फोन केला, चेहरा दाखवत. मी फोन बाबांच्या समोर उशीला टेकवून ठेवला. डबी भिंतीवरून काढून मी टेबलावर ठेवली होती आणि ती ओल मोजत नाही हे दवाखान्यातच सांगून टाकलं होतं. तेव्हा बाबा फक्त "हं" म्हणाले होते.

"बाबा, चुकलं," दादा म्हणाला. "पण उद्देश वाईट नव्हता. आता काळ बदललाय. पूर्वी घरात दहा माणसं असायची, कोणी ना कोणी लक्ष ठेवायचं. आता ते काम यंत्र करतं. चोरून ऐकणं वगैरे त्या काळातल्या गोष्टी. आता याला काळजी घेणं म्हणतात."

"हातानं कपडे आपटायचो मी," बाबा म्हणाले. "मग यंत्र निघालं. या गल्लीत पहिलं कोणी आणलं?"

"तुम्ही."

"मी यंत्राला कधी नाही म्हटलंय का रे? आणि तूच सांग, खिशात हात घातल्याशिवाय कपडा धुता येतो का? घालावाच लागतो हात. पण माणूस समोर असताना. तेवढंच तर आहे सगळं. यंत्र कितीही नवं येऊ दे, तेवढं नाही बदलत. मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. लाव म्हटलं असतं, न्हाणीघरात तर आधी लाव."

"आणि नाही म्हटलं असतं तर?"

"तर नाही. मग तू यायचं होतंस, बसायचं होतंस माझ्याजवळ."

दादाचा चेहरा पडला. थोडं इकडचं तिकडचं बोलून त्यानं फोन ठेवला. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता माझी पाळी. खरं तर मला ती हवीच होती.

"बाबा, तुम्ही गोळ्या फेकत होतात. मग घ्यायला कधी लागलात?"

ते चादरीच्या शिवणीवर बोट फिरवत राहिले. "तू दादाशी भांडलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मधे फळीची भिंत आहे, बाळा. तुझं ते वाफेचं यंत्र कितीही फुसफुसलं तरी तुझा आवाज त्याच्या वर जातो. शटर कोणासाठी उघडू म्हणालीस. मी सगळं ऐकलं. डबीचंही ऐकलं."

पलंगाच्या कडेला बसले.

"मग मला सांगितलं का नाहीत? एवढंच सांगायचं होतं, घेतोय म्हणून!"

"कसं सांगणार? मी ऐकलं हे तुला कळलं असतं. तू ओशाळली असतीस."

"आणि बोलायचे का थांबलात? काकांशी, रेडिओशी?"

"ती ऐकते ना," बाबा म्हणाले, आणि हनुवटीनं टेबलावरची डबी दाखवली.

मी हमसून हमसून रडले. आम्ही ऐकत होतो म्हणून ते गप्प झाले होते. ते गप्प होते म्हणून मी त्यांना मरायला निघालेले समजत होते. आणि माझ्यासाठी जगायचं ठरवलेल्या माणसाला मी रोज सकाळी, साखर घालून, मरणाच्या दारात ढकलत होते. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "झालं ते झालं," म्हणाले. मला वाटलं, सुटले. माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर बाबा माझ्याआधी तिथं उभे. एका हातानं ओट्याचा आधार, दुसऱ्या हातात साखरेचा डबा. निम्मी साखर ओट्यावर सांडली होती.

"अहो बाबा, सरा, मी करते ना चहा."

"नको."

"पडाल तुम्ही!"

"नको म्हटलं ना." आवाज चढलेला नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हते. "तुझ्यावर राग नाही माझा. खरंच नाही. पण काल संध्याकाळी तू कप दिलास ना, तो मला तोंडाला लाववेना. तू वळलीस आणि मी तो ओतून टाकला. म्हटलं, हे तुला सांगावं. आता लपवाछपवी नको."

मी दाराशी उभी राहिले. त्यांनी दोन कप भरले, सांडत, पुसत. एक माझ्यापुढे सरकवला.

"घे," बाबा म्हणाले. "नुसता चहा आहे."